खाडीकाठची गाडी आणि माझं वय

एका गायीनं आमच्या गाडीचा डावा आरसा तोडला, तिथून हे सगळं सुरू झालं. मी सुरतेतल्या डिंडोलीच्या भाजीबाजाराबाहेर गाडी लावून कोथिंबीर घेत होते. गाय आली, आरशाला मान घासायला लागली आणि बघता बघता आरसा वायरीला लोंबकळला. भाजीवालीनं गायीला हाकललं, माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो लोंबता आरसा दोरीनं बांधून घरी आले. एवढंच. पण आमच्या ह्यांना नुकताच मोबाइलवर फोटो काढायला जमायला लागलं होतं. त्यांनी आरशाचा फोटो पुण्याला मुलाला पाठवून दिला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

लगेच फोन वाजला.

"आई, तुला लागलं का?"

"मला कशाला लागेल? मी कोथिंबीर घेत होते."

"म्हणजे तू गाडीत नव्हतीस? मग ठोकली कोणी?"

"गायीनं."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तू आता सदुसष्ट वर्षांची आहेस."

गाय आणि माझं वय यांचा संबंध मला लागेना. पण त्याला बरंच बोलायचं होतं. विमा पुढच्या महिन्यात संपतोय, त्यानं नेटवर वाचलंय, म्हाताऱ्या माणसांनी चालवायच्या गाडीचा विमा महाग असतो, शिवाय कुठल्या भागात राहता त्यावरही तो ठरतो, आणि डिंडोलीसारख्या भागात तर...

"डिंडोलीसारख्या म्हणजे?" मी विचारलं. हा मुलगा डिंडोलीतच रांगला, डिंडोलीतच सायकल शिकला.

"तसं नाही गं. पण विकून टाक आता. मोबाइलवरून टॅक्सी येते दारात. कशाला डोक्याला ताप?"

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. हे शेजारीच होते. यंत्रमागाच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घालवल्यामुळे ह्यांना ऐकू कमी येतं आणि स्वतःचं बोलणं मात्र खणखणीत असतं. पण स्वतःच्या मतलबाचं ह्यांना बरोबर ऐकू येतं.

"ईकी टाक म्हने तो?" ह्यांनी विचारलं. चिडले की हे आमच्या खानदेशातल्या घरच्या बोलीवर येतात. "मंग माले दवाखानामा कोन लई जाई?"

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. नोकरीत असताना शाळेत चालत नाहीतर रिक्षानं जायचे. निवृत्त झाल्यावर हातात जे पैसे आले त्यातून जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं मुलासाठी घेतली. मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा. पहिल्या दिवशी तो गिअर, क्लच असं मराठी-गुजराती-हिंदीत मिळून समजावत होता आणि मी मान हलवत होते. शेवटी तो म्हणाला, "मासी, समजलं नाही तर नाही म्हणा." आयुष्यभर मी हे वाक्य दुसऱ्यांना म्हणत आले होते.

ह्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण मी चालवायला लागल्यावर ह्यांनी डाव्या सीटवर बसून एक काम स्वतःकडे घेतलं. वळायच्या वेळी हे मान बाहेर काढायचे आणि मागच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "खाली शे!" म्हणजे रस्ता मोकळा आहे, किंवा "थांब, ट्रक ऊना!" मागचे ट्रकवाले दचकायचे. अशी आम्ही दोघं मिळून गाडी चालवत होतो. रविवारी चलथाणला माझ्या धाकट्या बहिणीकडे जायचो, तिचे मालक तिथल्या साखर कारखान्यात होते. कामरेजकडून स्वस्त भाजी आणायचो. सोसायटीतल्या बायकांना लग्नाला, बारशाला न्यायचो. गाडी विकायची म्हणजे हे सगळं विकायचं.

तेव्हा मी ठरवलं, आधी खरं काय ते विचारू या. वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेठांच्या गाडीचा विमा जो माणूस करतो, त्याला बोलावलं. तो कामरेजहून स्कूटरवर आला. मध्यमवयाचा, गोल चेहऱ्याचा, हसतमुख. आल्याआल्या पाणी मागितलं आणि पाणी पिताना खिडकीतून खाली बघितलं.

"ही खाडी किती लांब आहे हो?" त्यानं पहिला प्रश्न हा केला. इथे मोठ्या ओढ्यालाच खाडी म्हणतात.

"ती काय, भिंतीपलीकडे."

"आणि गाडी कुठे उभी असते?"

"खाली पार्किंगमध्ये."

त्यानं ओठ मुडपले. मला राहवेना. मी थेट विचारलं, "माझ्या वयाचं काय? वयामुळे किती वाढणार?"

तो हसला. "विमो गाडीनो छे, मासी. तमारो नथी."

मग त्यानं सावकाश उलगडून सांगितलं. दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचा जो भाग असतो, त्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, तो गाडी किती जुनी, इंजिन केवढं, आजची किंमत काय आणि गाडी कुठल्या शहरात नोंदलेली यावर. मुंबई, पुणे, अहमदाबाद अशी काही मोठी शहरं वेगळ्या गटात, तिथल्या गाड्यांचा दर जास्त. सुरत त्या गटात नाही.

"थांबा," मी म्हटलं. "म्हणजे सारखीच गाडी असेल तर पुण्याच्या गाडीला जास्त पडतं?"

"थोडं जास्त. हा."

ह्यांना हे पहिल्या फटक्यात ऐकू आलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग मला पाणी आणायला उठावं लागलं.

वयाचं फक्त एवढंच, तो म्हणाला, की लायसन्स चालू पाहिजे, आणि आपल्या वयात ते दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या दाखल्यासकट नवं करावं लागतं. माझं केलेलं होतं. आणि गाडी मी चालवली काय किंवा मालकाच्या परवानगीनं दुसऱ्या कोणी लायसन्सवाल्यानं चालवली काय, विमा तोच. आरशाची भरपाई मात्र मागू नका असं त्यानं सांगितलं. वर्षभर काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी जी सूट मिळते, ती त्या एका आरशापायी जाते. "गायीला माफ करा," तो म्हणाला.

शेवटी तो पुन्हा खिडकीशी गेला. "तुमचं खरं दुखणं वय नाही, ही खाडी आहे. पुरात गाडी बुडाली तर बाकीचं बघता येतं. पण पाण्यात उभी असलेली गाडी कोणी चालू केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या विम्यात त्याचं काही मिळत नाही. त्याला वेगळं कव्हर लागतं, आणि तुमची गाडी जुनी, सगळ्या कंपन्या देत नाहीत. मी बघतो. पण मासी, पाणी दिसलं की गाडी आधी वर न्या. आणि पाणी चाकाच्या वर गेलं तर चावीला हातच लावू नका."

संध्याकाळी मुलाला फोन केला. पुण्याचा दर जास्त हे आधी सांगितलं, मग बाकीचं. तो शेवटी म्हणाला, "बरं, ठेव गाडी. पण एक शब्द दे. पावसाळ्यात पावसात गाडी काढायची नाही."

मी शब्द दिला.

पावसाळा अर्धा सरला तरी मी तो पाळला. गाडी खाली झाकून ठेवली होती. ह्यांना दवाखान्यात रिक्षानं नेलं, रिक्षात हे सवयीनं बाहेर मान काढून ओरडले आणि रिक्षावाला आमच्यावर रागावला.

मग ती सकाळ आली. सुरतेत दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि त्या दिवशी उघडीप होती. ऊन नव्हतं, पण पाऊसही नव्हता. सोसायटीतली कमावती माणसं मोटारसायकलींवरून कामावर गेली होती. पावसापाण्याच्या दिवसांत बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून गाड्या खालीच ठेवून जायची सगळ्यांची पद्धत. घरात राहिलो होतो आम्ही म्हातारे, बायका आणि सुट्टी मिळालेली पोरं.

मी पोहे परतत होते तेव्हा चलथाणहून बहिणीचा फोन आला.

"ताई, आठे ऊसना वावरमा पानीच पानी शे," ती म्हणाली. रात्रभर तिकडे कोसळलं होतं, उसाच्या शेतांत पाणी मावत नव्हतं आणि त्यांच्या बाजूचे सगळे ओढे दुथडी भरून सुरतेकडे निघाले होते. "तुमची खाडी भरेल बघ. गाडी काढ ताई."

मी खिडकीतून बघितलं. खाडीचं पाणी नेहमीसारखं काळपट नव्हतं, मातीच्या रंगाचं होतं आणि भिंतीच्या पायाला लागलं होतं. रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणातून पाणी उलटं वर येत होतं, चूळ भरल्यासारखं.

गॅस बंद केला आणि किल्ली घेतली. मुलाला दिलेला शब्द आठवला. ह्यांच्याकडे बघितलं.

"जाय," हे म्हणाले, "पन पोऱ्याले सांगू नको."

आमची पांढरी गाडी मी रेल्वेच्या ओव्हरब्रिजच्या चढावर नेऊन लावली. तिथे आधीच काही गाड्या ओळीनं उभ्या होत्या, खाडीकाठच्या लोकांना हा रिवाज ठाऊक आहे. चालत परत येत होते तर समोरून आमच्या पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून स्कूटर घेऊन आली. ती मूळची वऱ्हाडातली, नवरा भरतकामाच्या मशीनवर कामाला.

"काकू, बसा मागं लवकर. खाली बाकीच्याईच्या गाड्या तशाच उभ्या हायेत, अन् चालवणारं कोणीच नाही घरी."

परतले तेव्हा पार्किंगमध्ये घोट्याइतकं पाणी होतं आणि बायका हातात किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. मला पाहून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी म्हटलं, "आधी आपापल्या मालकाला फोन लावा. त्यांना विचारल्याशिवाय मी दुसऱ्याच्या गाडीला हात लावणार नाही." शाळेत घंटा झाल्यावर वर्ग शांत होतो तशा त्या शांत झाल्या आणि फोन लावायला लागल्या.

पहिली गाडी सोपी गेली, आमच्यासारखीच जुनी. ती वर लावली, सुनेच्या स्कूटरवर बसून खाली आले, दुसरी घेतली. खाली फाटकात ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभं राहून वाहतूक हातात घेतली होती. रस्त्यावरच्या रिक्षा, हातगाड्या, सायकली, सगळ्यांना ते त्या खणखणीत आवाजात थांबवत होते. "थांब रे! बाई गाडी काढी राहिनी!" अनोळखी माणसंही त्यांचं ऐकत होती.

मग आली शेठांची गाडी. कोरी, मोठी, निळी, आणि तिला क्लचच नव्हता. अशी गाडी मी जन्मात चालवली नव्हती. शेठाणीनं फोन लावून माझ्या हातात दिला. शेठ रिंगरोडवरच्या त्यांच्या साड्यांच्या दुकानात होते, मागे गिऱ्हाइकांचा गलका.

"मासी, गभराशो नहीं! ब्रेक दबावो, पछी डी मां नाखो. डाबो पग आराम करे."

म्हणजे ब्रेक दाबून गिअर 'डी'वर टाकायचा आणि डाव्या पायाला सुट्टी. पण डाव्या पायाला ती सुट्टी पटेना. तो क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी ठेचकाळली, माझं डोकं स्टिअरिंगपर्यंत जाऊन आलं. दुसऱ्यांदा मी डावा पाय सीटवर दुमडून बसले, पाटावर बसतात तशी. गाडी लोण्यासारखी निघाली. इतकी, की फाटकाच्या खांबाशी तिचं मागचं दार खर्रकन घासलं.

ह्यांनी वाकून दार बघितलं आणि हातानंच खूण केली, चल, चल. मी तशीच वर गेले. गाडी लावून आधी शेठांना फोन केला आणि घासली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मासी, नवी गाडीने नजर न लागे, सारु थयुं." नव्या गाडीला आता दृष्ट लागणार नाही म्हणे. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटची गाडी राहिली ती मागच्या कोपऱ्यातली, सगळ्यात सखल जागेवरची. मी पोचले तेव्हा पाणी निम्म्या चाकाच्या वर गेलं होतं. तिचा मालक मराठवाड्यातला, इमारतींचं छोटं ठेकेदारीचं काम करणारा तरुण. तो साईटवरून धावतपळत, पाणी तुडवत पोचला. हातात किल्ली. दार उघडून आत बसला.

"चालू करू नका!" मी ओरडले.

"मावशी, आताच मारतो अन् भर्रकन काढतो बघा."

"पाणी बघा कुठपर्यंत आलंय. आत पाणी ओढलं की इंजिन जाईल, आणि विम्यातून त्याचं काही मिळणार नाही. बाहेर या."

"गाडी जाईल की वो माझी!" त्याचा आवाज चिरकला. कर्ज काढून घेतलेली गाडी, त्याला साताठ महिन्यांची मुलगी, हे मला माहीत होतं. मला त्याची फार कीव आली. पण मी हात पुढे केला.

"किल्ली इकडे."

त्यानं दाराबाहेर पाण्याकडे बघितलं. मग त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली. नंतर तो म्हणाला, मावशी, मला चौथीतल्या बाईच आठवल्या.

गिअर मोकळा करून आम्ही ती गाडी ढकलली. तो, सून, शेठाणी साडी खोचून, दोन कॉलेजच्या मुली, आणि ह्यांचा आवाज. जिन्याजवळ जरा उंचवटा होता तिथपर्यंत आली, त्यापुढे हलेना. दुपारपर्यंत पाणी तिच्या सीटला लागलं. आम्ही सगळे पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसून बघत होतो. शेठाणीनं घरातून थेपले आणले, मी सकाळचे अर्धे परतलेले पोहे पूर्ण केले, आणि तो ठेकेदार मुलगी मांडीवर घेऊन गुमसुम बसला होता. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली गाडीकडे बोट दाखवून मुलीला म्हणाले, "देख, तुनी नाव!" होडी तरंगते तशी गाडी दिसत होती खरी. तोही हसला शेवटी.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. चिखल उपसायला पुढचे कितीतरी दिवस गेले. ठेकेदाराच्या विम्याचं आमच्या कामरेजवाल्या माणसानंच बघितलं. कंपनीचा माणूस येऊन गाडी तपासून गेला. गाडी पाण्यात चालू केलेली नव्हती हे नीट दिसत होतं. सीट, वायरी, गालिचे सगळं बदलावं लागलं, इंजिन उघडून धुतलं, आणि ते चालू झालं. भरपाई मिळायला वेळ लागला, चकरा झाल्या, पण मिळाली. कोजागिरी झाल्यावर तो घारी या सुरती मिठाईचा डबा घेऊन बायको-मुलीसकट आमच्याकडे आला. साजूक तुपानं थबथबलेली घारी मला चालत नाही. मी दोन खाल्ल्या.

मुलाला आम्ही काही कळवलं नव्हतं. पण खालच्या पोरांपैकी कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो फिरत फिरत पुण्याला पोचला.

"आई," त्यानं फोनवर विचारलं, "बाबा फाटकात उभे राहून कोणावर ओरडतायत?"

"सगळ्यांवर."

"आणि ती निळी गाडी कोण चालवतंय?"

"तू जेवलास का?"

"शब्द दिला होतास तू."

"पावसात काढणार नाही म्हटलं होतं. त्या दिवशी पाऊस नव्हता. पाणी वरून नाही, खालून आलं."

पलीकडून नुसतं फुसफुसणं ऐकू आलं. मला वाटलं रागावला. मग कळलं, तो हसतोय. हसणं आवरल्यावर म्हणाला, "भीती वाटली का गं तुला?" इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं. गाडी घासली तेव्हा वाटली. आणि ठेकेदाराकडे किल्ली मागितली तेव्हा वाटली, त्यानं दिली नसती तर काय केलं असतं म्हणून. बाकी वेळ वाटायला सवडच नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यानं गाडीला नवा आरसा बसवायला गॅरेजवाल्याशी परस्पर बोलून ठेवलं. गाडी विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्या मजल्यावरची ती सून मात्र माझ्या मागे लागली. "मलेबी शिकवा ना काकू." मी म्हटलं, आधी ट्रेनिंग स्कूलमध्ये जा, शिकाऊ लायसन्स काढ. तिनं काढलं. तिची परीक्षा जानेवारीत आहे आणि ती माझ्यापेक्षा बरी वळवते.

हिवाळ्यात मुलगा चार दिवस आला. त्याला पोंक खायचा होता. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, वर शेव आणि लिंबू. ते पुण्यात असे मिळत नाहीत. आम्ही तिघं कामरेजच्या रस्त्यानं निघालो. खाली आल्यावर त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, हात मागे घेतला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला. हे कुरकुरत मागे बसले.

सुरुवातीला मी ब्रेक दाबला की त्याचाही पाय दाबला जायचा. पुलावर त्यानं दाराची मूठ धरली. मी काही बोलले नाही, गाडी आपल्या चालीनं चालवत राहिले. शहर संपलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, ऊन काचेतून आत आलं. त्याचं बोलणं मधेच तुटलं. बघितलं तर मान एका बाजूला टाकून तो गाढ झोपला होता.

पोंकवाल्याच्या झोपडीशी मी गाडी हळूच बाजूला घेतली. ह्यांना बोटानंच गप्प राहायला सांगितलं, आणि हे चक्क गप्प राहिले. आम्ही दोघांनी उतरून गरम गरम पोंक खाल्ला. त्याच्यासाठी कागदात बांधून घेतला. तो उठला तेव्हा पोंक थंड झाला होता. त्यानं तो तसाच, सगळा खाल्ला.